निळ्या भिंतीवर न उमटलेलं चित्र

तुमच्या वस्तीतून छप्पन साली दीक्षेला नागपूरला कोण कोण गेलं होतं, असं मी आत्ता विचारलं तर पहिली नावं कोणाची घ्याल? आणि त्यात बायका किती असतील?

आमच्या वस्तीत हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. तो पुढे आला एका जुन्या प्रोजेक्टरमुळे, आणि तोही प्रोजेक्टर नीट चालत नव्हता म्हणून.

बाबा अकोल्याकडच्या मालेगावच्या एका कचेरीत कारकून होते. तिथं भंगारात निघालेला स्लाईडचा प्रोजेक्टर त्यांनी लिलावात घेतला आणि एसटीच्या टपावर बांधून घरी आणला. काळ्या पत्र्याचं खोकं, पुढं भिंगाची नळी, मागं दिवा. वस्तीत त्याला सिनेमाची पेटी म्हणायचे. आमच्या घरात तोवर किमती असं काही नव्हतं. भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. सभेची, संपाची, जयंतीची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. ‘जाहीर आवाहन’ हे दोन शब्द मला स्वतःच्या नावाआधी वाचता येत होते. त्यामुळे छापलेलं ते खरं आणि न छापलेलं ते उगीच, असं काहीसं माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलं होतं.

पेटीबरोबर दाखवायला चित्रं हवी होती. ती अकोल्याच्या एका निवृत्त मास्तरांनी दिली. तरुणपणी ते कॅमेरा घेऊन फिरायचे. त्यांच्या डब्यात लेण्यांची, स्तूपांची चित्रं होती, आणि दीक्षेच्या दिवशीची काही, काळी-पांढरी. डबा पावसाळ्यांत दमट झाला होता. स्लाईडींच्या कागदी चौकटी सुटून आल्या होत्या. बाबांनी वह्यांचे पुठ्ठे कापून नव्या चौकटी केल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका दिला. स्लाईड पेटीत उलटी घालावी लागते तेव्हा भिंतीवर चित्र सुलटं पडतं, म्हणून ठिपका कुठे धरायचा ते ठरलेलं.

पेटी चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबांना घाई असायची आणि मला नव्हती. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाले होते. आधी दिवाच लागेना. पिना ढिल्या होत्या, त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबली तेव्हा लागला. मग चित्र धुक्यात पडल्यासारखं. भिंगं काढून पाहिली तर आत बुरशीचं कोळिष्टक. स्पिरिटनं पुसून परत बसवली, तर मधोमध स्वच्छ आणि कडा वितळलेल्या. एक भिंग पाठमोरं बसलं होतं. ते फिरवलं. दिव्यापुढची उष्णता अडवणारी काच तडकलेली होती, तिची रेघ प्रत्येक चित्रातून जायची. तिला औषध नव्हतं.

आमची खोली इतकी लहान की चित्र हातरुमालाएवढंच पडायचं. एका संध्याकाळी असंच लावून पाहताना, चूल सोडून आलेली आत्या माझ्यामागे उभी राहिली. चित्रात माणसांची रांग होती, एक मोठा ड्रम, आणि ड्रमपाशी एक बाई चिंचोक्याएवढी.

“थे मी हाय,” आत्या म्हणाली.

आत्या बाबांची मोठी बहीण. धनजला दिलेली. नवरा गेल्यावर आमच्याकडे परत आली आणि लोकांच्या शेतात रोजानं जाऊ लागली. नागपूरला ती धनजच्या बायकांबरोबर गेली होती, म्हणून आमच्या गावच्या कोणी तिला तिथं पाहिलेलं नव्हतं. ती सांगायची ती गोष्ट एकच. मैदानावर तिला पाण्याच्या ड्रमपाशी उभं केलं. ती डावरी. लांब दांड्याचं ओगराळं डाव्या हातात. रांगेतला एक टोपीवाला बोट दाखवून म्हणाला, बाई, पाणी उजव्या हातानं दे. तेव्हा त्याच्या मागचा माणूस म्हणाला, हात पाहून पाणी प्यायचे दिवस आजपासून संपले, वाढ तू. आणि ती दिवसभर डाव्या हातानं वाढत राहिली.

वस्तीत या गोष्टीला कोणी किंमत देत नसे. शेतात निंदायला गेलेल्या बायका तिला चिडवायच्या, “आली व पाणीवाली.” ती हसायची. पण त्या वर्षी हसण्यावर भागणार नव्हतं. दीक्षेच्या वर्धापनदिनाला, नागपूरला गेलेल्यांच्या हातून विहारात मेणबत्त्या लावायच्या असं ठरलं होतं. पत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं, ‘दीक्षेस गेलेल्या बंधूंचा सत्कार’. ते बाबांनीच लिहिलं होतं.

आत्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग बाबांना म्हणाली, “बंधू म्हंजे मी नाई ना?”

“बंधूत सगळेच येतात अक्का.”

“मंग मले हाक मारतीन?”

बाबा मोठ्या काकांकडे गेले. मोठे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. दीक्षेला आमच्या गावातून निघालेल्या बैलगाडीत ते स्वतः होते. त्यांनी सरळ सांगितलं, “आपल्या गाडीत बाई नवती. अक्का होती म्हनते, असंन. पन पाह्यलं कोनं? उद्या कोनीबी उठंन आन् म्हनंन मीबी होतो.”

यात वाईट हेतू नव्हता, हे मला आज कळतं. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, चित्र आहे, विहारात मोठं करून दाखवते. काका म्हणाले, “दाखव. दिसली तं मानलं.”

तरुण पोरांनी विहाराची समोरची भिंत कार्यक्रमासाठी नव्यानं निळी रंगवली होती, अशी गडद की दारातून पाहिलं तरी ऊर भरून यावा. वर्धापनदिनाच्या संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर सगळी वस्ती जमली. बायका पुढे भिंतीजवळ बसल्या, पुरुष मागे, आणि पुरुषांच्याही मागे टेबलावर पेटी आणि मी. आत्या सगळ्यांत पुढे होती.

मी पहिली स्लाईड घातली. स्तूप. भिंतीवर काळपट डाग दिसला, बस.

“लाइट गेली काय बे?”

“गेली नाई, आजारी हाय.”

मी दिवा पाहिला. तांबूस जळत होता, दाब कमी. कोणीतरी धावत जाऊन विहिरीवरच्या मोटारी बंद करायला सांगून आलं. दिवा पांढरा झाला. भिंतीवरचा डाग तेवढाच काळा. मी भिंग मागेपुढे केलं, पुन्हा काढून पुसलं. स्लाईड बदलली. घरी जे चित्र लहान का होईना पण स्पष्ट दिसत होतं, ते इथं शाईत बुडाल्यासारखं. आत्यानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मला पेटीला लाथ मारावीशी वाटली.

तेवढ्यात मोठे काका उठले. पांढरं धोतर, पांढरा सदरा. वैतागून बाहेर निघाले ते नेमके पेटीच्या पुढून, आणि त्यांच्या पाठीवर स्तूप उमटला. पायऱ्या, कठडा, तडकलेल्या काचेची रेघ, सगळं.

“काका, हटा ना वो,” मागून कोणी ओरडलं.

“हटू नका,” मी म्हटलं. “तिथंच थांबा.”

“कायले?”

“तुमच्या पाठीवर साफ दिसून राह्यलं.”

लोक हसले. काका मान वळवून आपलीच पाठ बघायचा प्रयत्न करत होते. पेटी ठीक होती. बिघाड भिंतीत होता, आमच्या सगळ्यांत लाडक्या भिंतीत. आम्ही इतका वेळ दिवा, वीज, भिंग सगळ्यांवर संशय घेतला. निळ्यावर घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

एक पोरगा म्हणाला, चौकोन तेवढा चुन्यानं मारू. काका म्हणाले, “निळ्यावर चुना? मी हाय तोवर नाई.” या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची होते.

मग चादरींची शोधाशोध. एक फुलाफुलांची, एक ठिगळांची, एक हळदीनं पिवळी. आत्या न बोलता उठून घरी गेली आणि ट्रंकेतलं पांढरं लुगडं घेऊन आली. नऊवारी, पातळ झालेलं, घड्यांवर पिवळट.

“हे बांध,” ती मला म्हणाली. “त्या दिवशीचंच हाय. फाडू नको मात्र.”

भिंतीला लावून पाहिलं तर मागचा निळा त्यातून झिरपायचा. म्हणून विहाराच्या मधल्या दोन खांबांना दोर बांधून त्यावर ते आडवं ताणलं. लुगडं लांब, त्यामुळे हॉलचे सरळ दोन भाग झाले. अलीकडे पुरुष आणि पेटी. पलीकडे, भिंत आणि लुगड्याच्या मध्ये, बायका. कोणी म्हटलं बायांना इकडे बोलवा, पण जागाच नव्हती. बायका म्हणाल्या, “राहू द्या, आमाले इकुनबी दिसते.”

मी रांगेची स्लाईड लावली. लुगडं उजळलं. घरी चिंचोक्याएवढी दिसलेली बाई आता तान्ह्या मुलाएवढी झाली. डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढलेला, हातात ओगराळं. तिच्यासमोर टोपीवाला एक माणूस, बोट उगारलेलं. मागे ड्रम.

पुरुष माना पुढे काढून पाहू लागले. मग काकांनी घसा खाकरला.

“टोपीवाला हाय, खरं हाय. पन बाईच्या उजव्या हातात हाय ओगराळं. पाहा ना सगळे. मंग तो तिले काहून रागावन? ही दुसरीच कोनी असंन.”

मी पाहिलं. उजवाच हात होता.

लुगड्यापलीकडून एक म्हातारी बोलली, “कोनता उजवा वो भाऊजी? डावा हाय धडधडीत.”

“उजवा हाय.”

“डोळे तपासा एखांद्या डाक्टरले दाखवून.”

“तुमी तपासा. इकडे पन्नास मानसं हायेत, सगळ्याइले उजवा दिसून राह्यला.”

“आन् इकडे पन्नास बाया हायेत.”

काही वेळ हे असंच चाललं. कापडाच्या दोन्ही बाजूंनी माणसं एकाच चित्राकडे बोट दाखवून एकमेकांना खोटं पाडत होती. बाबा माझ्याकडे पाहत होते, मी पेटीकडे. दोन्ही बाजूंना वेगवेगळा हात दिसणार हे मला समजत होतं. पातळ कापडावरचं चित्र पाठीमागून फिरलेलंच दिसतं. पण खरी बाजू कोणती? पेटीकडून दिसतं ते सुलटं, असं मी मानून चालले होते. ठिपका बरोबर कोपऱ्यात होता.

मग माझं लक्ष ड्रमवर गेलं. ड्रमवर रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं. मला ते लागेना. पत्रक उलटं धरलं तरी वाचणाऱ्या मला दोन शब्द लागेनात. मी पलीकडे हाक मारली, “तिकडं कोणाला वाचता येतं? ड्रमवर काय लिहिलंय?”

चौथीतल्या एका पोरीनं अक्षर अक्षर लावून वाचलं, “पि-ण्या-चे पा-णी.”

“सरळ दिसते?”

“मंग काय उलटं लिवतीन?”

चौकट नवी करताना स्लाईडच पाठमोरी बसली होती. स्तूपाला, लेण्याला त्यानं फरक पडला नसता, कोणाला कळलंही नसतं. मी स्लाईड काढली, फिरवली, घातली. आता ‘पिण्याचे पाणी’ आमच्या बाजूनं सरळ झालं. आणि आमच्या बाजूच्या बाईनं ओगराळं डाव्या हातात घेतलं. टोपीवाल्याचं बोट नेमकं त्या हातावर रोखलेलं होतं.

बायकांच्या बाजूनं म्हातारी म्हणाली, “आता आमाले उजवा दिसते बापा.”

चित्रातल्या बाईचं तोंड दिसत नाही, असं काका अजून म्हणू शकले असते. ते उठले, लुगड्याच्या कडेनं पलीकडे गेले आणि आत्यासमोर आगपेटी धरली. “ये अक्का. पयली तू लाव.”

आत्या म्हणाली, “भाऊ, फोटू नसता निंगाला तं?”

काकांनी आगपेटी तिच्या हातात ठेवली. ती उठली, काडी ओढली आणि डाव्या हातानं मेणबत्ती लावली. मग मला म्हणाली, “तुया दिव्याची आच लागून राह्यली लुगड्याले. सोड आता.”

आच कसली लागते. पेटी दहा हात दूर होती. पण मी दिवा बंद केला, लुगडं सोडलं आणि घडीवर घडी घालून तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पत्रकांवर बाबांनी ‘बंधूंचा’ खोडून पेनानं ‘बंधू-भगिनींचा’ केलं. कार्यक्रम तर होऊन गेला होता. तरी केलं.

आत्याला चित्र मिळालं, कारण एका मास्तरांच्या हातात त्या क्षणी कॅमेरा होता. धनजहून तिच्याबरोबर गेलेल्या बाकीच्या बायका कोणत्याच स्लाईडीत नाहीत. त्यांनी तिथं काय केलं ते त्यांच्या तोंडूनच कळेल, आणि त्यांची तोंडं म्हातारी होत चालली आहेत.

म्हणून एक मागणं आहे. या वर्षीचं पत्रक छापखान्यात टाकण्याआधी वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या दारात जा. ‘तू गेली होतीस का’ असं विचारू नका. ‘तू तिथं काय करत होतीस’ असं विचारा. तिचं सगळं सांगून होईस्तोवर मधे बोलू नका, आणि फोटो मागू नका. मग पत्रक लिहा.