गोड्या पाण्याची बाटली

भूजल खात्यात असताना राहात्याकडच्या एका विहिरीचं पाणी मी दर वर्षी तपासणीला न्यायचो. त्या तपासणीवरच आसपासच्या नव्या बोअरला परवानगी मिळायची. उन्हात विहिरीपर्यंत चालायचा मला कंटाळा, म्हणून मालकीणबाई बाटली भरून ओट्यावर ठेवायच्या. पाणी कायम चांगलं निघायचं. निवृत्तीच्या वर्षी सहज विहिरीवर गेलो, तर काठावर मिठाचा पांढरा थर. बाईंना विचारलं.

"त्ये खारं पानी जनावर तोंडात घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "सायबाला कसं द्यायचं? मी जारचं भरत हुते."

त्यांच्या बांधावरून आता चहूकडे बोअरच दिसतात. प्रत्येकाच्या कागदावर माझ्या हातचं लिहिलंय, पाणी गोडं.