बोटानं शोधलेली शीर

दोस्तांनो, आज वॉर्डातला माझा तिसरा दिवस. आमच्या तेलुगू राज्याचे दोन भाग झाले आणि नर्सिंगच्या प्रवेशाचं काउन्सेलिंग इतकं लांबलं की मी सीटची आशाच सोडली होती. मिळाली. पण काय मिळालंय ते आज कळलं.

सकाळी जुलाबानं सुकलेलं सात महिन्यांचं बाळ आलं. सलाईन लावायला शीरच सापडेना. दोघी नर्सनी प्रयत्न करून पाहिला. त्याची आई इथल्या दखनी बोलीत सारखी म्हणत होती, "कुछ तो बी करो, सिस्टर."

मग आमच्या विजया सिस्टर आल्या. त्यांनी डोळे मिटून बाळाच्या पायावरून हळूहळू बोट फिरवलं, एका जागी थांबल्या आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं. "आँख से नै, उँगली से देख."

मला दिसत काहीच नव्हतं, पण कातडीखाली दोऱ्याएवढं मऊ काहीतरी लागलं! सिस्टरनी लावलेली सुई पहिल्याच खेपेत आत गेली.

दुपारी तरतरी आलेल्या बाळानं असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड हसला. मी सिस्टरना विचारलं, "ये सीखने कित्ते साल लगे?"

"अब्बी बी सीखरी मैं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

तुम्ही असा हात कुणाचा पाहिलाय? सांगा ना.