अक्कांच्या मोरीतला पाइप

भालकीतल्या एका जुन्या तीन मजली इमारतीचे पाण्याचे पाइप तपासायला मला बोलावलं होतं. चालतील की बदलायचे, एवढंच लिहून द्यायचं. तिथल्या कमिटीचा अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचा एक रिटायर अधिकारी. नाव विचारायच्या आधी त्यानं गाव विचारलं.

"मेहकर."

"मेहकरात कुठल्या गल्लीतले?"

या प्रश्नाचा अर्थ मला शाळेपासून ठाऊक आहे. "बौद्ध वस्तीतला. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर," मी म्हणालो. "आता पाइप दाखवताव का?"

लोखंडी पाइपांना चंदेरी रंग फासला होता, अजून बोटाला लागत होता.

"भायेरूनच बगा अन् ठीक हायेत म्हणून लिहा. वर टाकीकडं जायचं काम न्हाई."

कामून, ते मी विचारलं नाही. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तक्रार तळमजल्यावरच्या अक्कांची होती. खालच्या हौदातून टाकीत पाणी चढवणारा मुख्य पाइप त्यांच्या मोरीतून जातो, आणि त्यांचा नळ त्याच पाइपावर. मोटर सुरू झाली की त्यांना लाल पाणी; बाकीच्यांना टाकीत गंज खाली बसलेलं, वरचं नितळ पाणी. मी 'ठीक' लिहिलं असतं तर त्यांना जन्मभर तेच प्यावं लागलं असतं.

आमच्याकडं नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. पाइप आतून किती सडलाय, ते मी आधी त्या फडक्यावर बघतो. अक्कांच्या नळाला कोरं पांढरं फडकं होतं.

"सायेब येणार म्हणून सकाळीच बदललं की," अक्का म्हणाल्या. "पाव्हण्याला घाण कशी दाखवावी?"

अध्यक्ष खो खो हसला. "बगा! कुठाय लाल पाणी?"

माझं डोकं फिरलं. "मोटर लावू नका. फूटभर पाइप कापून बघतो."

"कमिटीची परवानगी न्हाई!"

"मोरी माझी हाय," अक्का म्हणाल्या. "कापा तुमी."

"अक्का, पाइप सगळ्यांचा हाय."

"मग लाल पाणी मला एकटीलाच कामून?"

मी करवत लावली. तुकडा निघाला, तर आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच जागा. बाकी सगळा गंजाचा दगड.

"हे तू घरूनच आणलायस," अध्यक्ष म्हणाला. "जोड आत्ताच्या आत्ता."

"अरेतुरे बंद करा," मी म्हणालो, आणि जोडून बघितलं. आटे पाडायला गेलो तर पाइपाची कड भुगा होऊन गळाली. नव्याशिवाय टाकीत थेंब चढणार नव्हता.

टाकी रिकामी झाली तशा वरच्या बायका बादल्या घेऊन खाली आल्या आणि अक्कांवर तुटून पडल्या. "सगळ्यांचं पाणी तोडलंस की गं!"

"बोला, बोला," अक्का दारातून म्हणाल्या. "मी बोलायले तवा कान कुठं होते?"

अध्यक्षानं मात्र त्या बायकांना एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. शेवटी त्या बायकाच त्याच्याकडं वळल्या. "काका, आता नवे पाइप कवा टाकायलाव?"

मी तिथंच बसून लिहिलं, सगळे पाइप बदला, आणि सहीसाठी कागद अध्यक्षापुढं केला.

"ठेव तिथं पायरीवर," तो म्हणाला.

मी ठेवला नाही. सगळ्या बायका बघत होत्या. त्यानं माझ्या हातातून घेईपर्यंत हात तसाच लांब धरून उभा राहिलो.