पान न उलटणारा बाप

दोन हजार आठ साल. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — ना बहिणीपाशी, ना विहारातल्या माणसांपाशी. आज लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, पण माझं मी लिहितोय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. हे आधी ध्यानात घ्या.

शाळा चौथीपर्यंत. पुढे अंबरनाथ एमआयडीसीत फिटर. मशीनचा नुसता आवाज ऐकून सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय. शिकलेले इंजिनिअर मला विचारायला यायचे. अशा माणसाला कुणी अडाणी समजावं?

बायको गेल्यावर कात्रपच्या घरात दोघंच — मी आणि माझी मुलगी सुजाता. ती ठाण्याला नोकरीला. घरच्या कॉम्प्युटरवर ती इंटरनेटवर डायरी लिहायची. मराठीतच. कुलूप घातलेली. वाचायची मुभा एकाच माणसाला, वैशालीला. वैशाली समोरच्या बिल्डिंगमधली. दोघी बालवाडीपासून एकत्र.

भाच्याच्या लग्नाचे फोटो बघता यावेत म्हणून कॉम्प्युटर चालू करायला मला सुजातानेच शिकवलं. डायरीचा पासवर्ड कॉम्प्युटरच्याच लक्षात राहील, असंही तिनेच करून ठेवलेलं. घरात बघणार कोण? बाबाच ना — आणि बाबांना कुठे वाचता येतं!

येत होतं. ती कामावर गेली की मी बसायचो. पडद्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर. तिचा एक दिवस मला दोन दिवस पुरायचा. लाज वाटली का? नाही वाटली. तिने कुलूप साऱ्या जगाला लावलं, मला नाही — मला मोजलंच नव्हतं. तो राग मोठा होता.

आणि एका दुपारी ते सापडलं. ‘बाबा पेपर उघडून तासभर बसतात, पान उलटतच नाहीत. मी काही विचारत नाही. त्यांचा मान राहू दे.’

अरे, एक पान वाचायला मला तासच लागतो! शेवटचं वाक्य मायेचं होतं, हे मला कळलं नाही असं समजू नका. कळलं. तरी गिळता आलं नाही.

त्याच आठवड्यात चामटोलीची धाकटी बहीण आलेली. सोसायटीचा फॉर्म सुजाताने भरला आणि माझ्यापुढे सरकवला. “बाबा, इथे फक्त सही करा.”

बहीण हसली. “दादा, सही तरी येते ना रे?”

माझं डोकं फिरलं. “का? मी पान उलटत नाही, म्हणून मला वाचता येत नाही काय?”

सुजाताचा चेहरा उतरला. हे तिने एकाच ठिकाणी लिहिलं होतं. “बाबा, हे तुम्हाला कोण बोललं? वैशाली?”

मी वाचलं — एवढंच म्हणायचं होतं. जे जन्मभर दाखवायचं होतं ते त्या दोन शब्दांत दिसलं असतं. पण त्यातच चोरीही दिसली असती ना?

“हो,” मी बोललो. “वैशालीच.”

सुजाताने डायरी बंद केली, ती कायमची. पुढे वैशालीच्या लग्नाचा मांडव आमच्या खिडकीखाली पडला, तेव्हा तिने खिडकीही बंद केली. वैशालीचं नाव आजही आमच्या घरात निघत नाही. माफी? मागत नाही. मागून मिळण्यातली ही गोष्ट नव्हे.

एकच सांगायचं राहिलं. मी ‘हो’ बोललो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वैशाली दारात उभी. डोळे सुजलेले. सुजाता आत, न्हाणीघरात, नळ चालू. “काका, तुम्हीच सांगा ना तिला. मी तुम्हाला कधी काय बोलली का?”

मी खुर्चीत होतो. पेपर तोंडापुढे धरलेला, पहिल्याच पानावर, अर्धंही वाचून झालं नव्हतं. ते पान मी उलटलं — तिला ऐकू जाईल असं, फाडकन.