सातव्या पिल्लाचा वाटा

सासूबाईंना गावी राहायला जायचं होतं. दोन वर्षं त्यांचं हे एकच मागणं होतं आणि नेमकं तेवढंच आम्ही पुरं करत नव्हतो.

गावच्या विहिरीवर पाय घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा नवऱ्याने त्यांना इकडे भांडुपला आणलं आणि कोकणातल्या घराला कुलूप घातलं. हाड जुळलं, काठी सुटली, कुलूप मात्र राहिलं. गणपतीला आम्ही त्यांना पाच दिवस न्यायचो आणि सहाव्या दिवशी परत आणायचो. घरी आलो, पिशव्या खाली ठेवल्या की त्या विचारायच्या, "मगे रवाक कधी जातलंय मी?" नवरा म्हणायचा, "बघू गं." तो एकुलता एक. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. अनोळखी माणसं सुखरूप वर-खाली जावीत म्हणून दिवसभर दोर तपासत असतो. आई एकटी विहिरीवर, ही कल्पनाच त्याला सहन व्हायची नाही. मला त्याचंही पटायचं आणि त्यांचंही. आणि खरं सांगायचं तर त्या जाव्यात असं मला स्वतःला मुळीच वाटत नव्हतं. माझी आई लवकर गेली. घरात कुणीतरी मोठं असण्याची मला सवय लागली होती.

पण ते दाखवायचं कसं, हे मला कधी जमलं नाही. मी घाटावरच्या घरातली, तोंडाने फटकळ. त्यांनी भांडं हातात घेतलं की मी म्हणायची, "ठेवा ते, तुम्ही बसा आई." केरसुणी घेतली की, "बसा आई." दिवसाला दहा वेळा तरी म्हणत असेन. माझ्या मते ती माया होती. मग त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या.

आमचं घर टेकडीच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत अगदी शेवटचं. त्यामुळे मागच्या दारापासून दरडीच्या भिंतीपर्यंत दहा-बारा पावलांची जागा आमच्या वाट्याला आलेली. तिथे एक कढीपत्ता, थोडं अळू आणि गंजलेली सायकल. सासूबाई दिवसभर त्या सायकलीकडे बघत बसायच्या.

एका सकाळी त्यांनी मी केलेलं ऑम्लेट अर्धं टाकलं. "ह्या अंड्याक चव नाय," म्हणाल्या. "कोंबी नजरेक पडल्याबिगर अंड्याची चव कळना नाय." कामावर जायच्या घाईत ऐकून माझं डोकंच फिरलं. मी एका दवाखान्यात केसपेपर काढते. तिथे दुपारपर्यंत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी ह्या. मला राग आला की मी खरेदी करते. ड्युटी संपल्यावर तडक बाजारात चिकनच्या दुकानात गेले.

"गावठी आहेत?"

"आहेत ना ताई. चांगल्या कोवळ्या तलंगा आहेत. तुकडे बारीक करू की मोठे?"

"तुकडे नकोत. जिवंत द्या. चार."

त्याने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग पाय बांधून चार कोंबड्या दोन पिशव्यांत घालून दिल्या. रिक्षात त्या पिशव्यांतून माना काढून बसल्या होत्या, आणि रिक्षावाला आरशातून रस्त्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होता.

घरी येऊन पिशव्या उंबऱ्यावर ठेवल्या. "घ्या. आता नजरेला पडल्या?" मी म्हणाले. सासूबाई उठल्या. कोणी हात दिला नाही, तरी उठल्या. एकेक कोंबडी काखेत धरून त्यांनी तिची छाती चाचपली, पिसांत फुंकर घालून बघितलं. दोन काळ्या, एक कवडी, एक तांबडी. "तलंगा म्हणान दिल्यान तुका?" त्या म्हणाल्या. "गो बाय, ही काळी माझ्या वयाची आसा." मला फसवलं गेल्याचा राग यायला हवा होता. पण त्या माझ्याशी एवढं लांबलचक कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी नवरा आला आणि मागचं दार उघडून तसाच उभा राहिला. "वाट लागली," तो म्हणाला. "अगं, हे भांडुप आहे. शेजारी काय म्हणतील?" तरी रविवारी त्यानेच जुन्या पलंगाच्या फळ्या काढून खुराडं केलं. दाराला दोन कड्या आणि वर एक खिट्टी. दार नीट लागलंय की नाही हे तो रोज कामावर जाताना हलवून बघायचा. एवढं करूनही टेकडीवरच्या मुंगसाने भरदिवसा म्हाताऱ्या काळीला नेलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बसवून भिंतीतलं भोकन्‌भोक सिमेंटने बुजवून घेतलं.

राहिल्या तीन. सासूबाई आता पहाटे माझ्याआधी उठायच्या. "तिती, तिती," करत तांदळाची कणी टाकायच्या, खुराडं धुवायच्या, अळूच्या बुडाशी शीट घालायच्या. मी सवयीने "बसा आई" म्हणायची, पण ते ऐकायला त्या जाग्यावर नसायच्या. पहिलं अंडं मिळालं ते त्यांनी पदराने पुसून माझ्या हातात दिलं. अजून गरम होतं. मी ते तव्यावर फोडलं, अर्धं त्यांना वाढलं, अर्धं मी खाल्लं. चव खरंच वेगळी होती. तव्याला चिकटलेलंही मी खरवडून खाल्लं.

मग एक दिवस तांबडी खुराड्यातून बाहेरच येईना. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली, खाणं नाही, पिणं नाही, जवळ गेलं की अंगावर धावायची. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी घाबरले. हळदीचं पाणी करून चमच्याने पाजायला गेले तर तिने मनगटाला चोच मारली. गुरांचा डॉक्टर कुठे मिळेल म्हणून मी फोनवर शोधत होते, तेवढ्यात त्या आल्या. माझं रक्ताळलेलं मनगट, हातातला चमचा आणि कोंबडीच्या चोचीला लागलेली हळद बघून त्या हसायला लागल्या. दाराची चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"गो घाटणी! तिका काय्येक झाला नाय. खुडूक झालीहा ती. पिलां होयी तिका."

दोन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मनगट ठणकत होतं, तरी मीही हसत सुटले.

आमच्याकडे कोंबडा नव्हता, म्हणून सासूबाई स्वतः उतार चढून वरच्या आळीत गेल्या आणि कोंबडा असलेल्या एका बाईकडून नऊ अंडी घेऊन आल्या. वेताच्या टोपलीत गवत घातलं, त्यात विजांच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला आणि तांबडीला उबवायला, रवणीवर बसवलं. भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायच्या. आठव्या दिवशी माझ्या मोबाइलच्या उजेडात अंडी धरून त्यांनी मला आतल्या लाल शिरा दाखवल्या. एकविसाव्या रेघेला सात पिल्लं निघाली. नवऱ्याने त्या दिवशी खुराड्याची खिट्टी पाच वेळा तपासली.

पिल्लं दीड महिन्याची झाली, अंगावर पिसं आली. दुपारी मी कामावरून आले तर सासूबाई मागच्या दारी उभ्या होत्या, लुगडं बदललेलं, केस विंचरलेले. म्हणाल्या, "आता वाटो घालूया गो बाय. माझो वाटो माका दी. मी गावाक जातंय."

वाटा! माझ्या माहेरी हा शब्द एकदाच निघाला होता. आजोबांचं तेरावं झालं आणि काका ओट्यावर उभे राहून म्हणाले, "आमचा वाटा द्या." त्यानंतर माझे वडील आणि काका एकमेकांच्या मुलांच्या लग्नालासुद्धा गेले नाहीत. मी आत जाऊन दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. "आई वाटा मागतायत," मी म्हणाले आणि रडायला लागले. एवढं काय चुकलं होतं आमचं?

तो काम टाकून आला. हाताचं ग्रीसही धुतलं नव्हतं. "आई," तो म्हणाला, "सगळं तुझंच आहे ना गं? घर तुझं, कलमं तुझी. वाटा कसला मागतेस? माझ्यापासून वेगळी होणार तू?"

सासूबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "पिलांचो वाटो रे! घराचो कोणी मागलो?"

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. गावी एकीची कोंबडी दुसरी वाट्याने पाळते. कोंबडी जिची तिचीच राहते, राखते दुसरी, आणि पिल्लं झाली की अर्धी अर्धी. ज्या बाईकडे काहीच नसतं, तिचंही अंगण असं भरतं. नवी नवरी असताना त्यांनी स्वतःची पहिली कोंबडी अशीच मिळवली होती. "कोंबी तुझी, तू हाडलंस. वरच्या आळीत चढान अंडी हाडलंय मी, राखलंय मी. मगे अर्धी माझी."

"आई, घरातल्या घरात कसला वाटा? सगळी घेऊन जा ना."

"नाय गो," त्या म्हणाल्या. आवाज एकदम हळू झाला. "दोन वर्सां तू माका बस बस म्हणतंस. फुकटचा बसान खावक माका जमणा नाय."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी माझ्या मनगटावरचा चोचीचा वण अंगठ्याने चोळला, बस्स. नवरा उंबऱ्यावर बसून होता. हाताचं ग्रीस पुसत म्हणाला, "तू वरच्या आळीत चढून गेलीस, हे मला कोणी सांगितलंच नाही." पुढच्या शनिवारी तो एकटाच गावी गेला, विहिरीवर पंप बसवला, स्वयंपाकघरात नळ आणला, शेजारच्या चुलत काकीला रात्री सोबतीला यायला कबूल केलं आणि परत येऊन आईला म्हणाला, "विहिरीवर जायचं नाही. शपथ घे." त्यांनी घेतली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वाटे घातले. दोन टोपल्या, सासूबाई मधे पाट टाकून बसल्या. एक तुझं, एक माझं. तीन इकडे, तीन तिकडे. सातवं पिल्लू त्यांच्या हातात राहिलं, लालसर, मानेवर पिवळी झाक असलेलं.

"तुम्हीच न्या ते," मी म्हणाले.

"तसा चलणा नाय. वाटो म्हणजे वाटो."

"मग ठेवू कुठे?" मला हुंदका आला. पिल्लाचं निमित्त होतं. "आई, तुम्ही जाऊच नये असं वाटतं मला. मला सवय झालीय तुमची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून ते पिल्लू तांबडीच्या पुढ्यात सोडलं. "ह्यां हंयच रवांदे," त्या म्हणाल्या. "ह्येचो वाटो करूचो रवलो. तो करूक मी येतलंय."

सकाळी त्या भोकं पाडलेल्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन गेल्या. मागचं दार मी तीन दिवस उघडलं नाही, दाणापाणी नवराच करायचा. चौथ्या दिवशी तो विसरला आणि कोंबड्यांनी बाहेरून इतका कालवा केला की उघडावंच लागलं.

सातव्याचा कोंबडा झाला. तुरा लाल, आवाज असा की चाळीत गजराची गरज उरली नाही. शेजारीण विकत मागते, नवरा वड्यांसोबत त्याच्या झणझणीत सागुतीची स्वप्नं बघतो. मी दोघांना एकच सांगते, "माझ्या एकटीचा नाही तो. अर्धा सासूबाईंचा आहे." दिवाळीनंतर त्या आल्या, महिनाभर राहिल्या. कोंबडा उचलला, छाती चाचपली आणि म्हणाल्या, "अजून भराक नाय." चांगला अडीच किलोचा होता. मी मान डोलावली. शिमग्यानंतर पुन्हा आल्या, पुन्हा चाचपला, पुन्हा तेच.

कालच फोन आला. त्यांच्या तिघींच्या आता अकरा झाल्या आहेत. सगळ्यांची खबर सांगून झाल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "माझो अर्धो कसो आसा?"

तो माझ्या समोरच भिंतीवर चढून आरवत होता, एवढा थोरला.

"बारीकच आहे हो," मी म्हणाले. "मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही येऊन बघा."

"येतंय," त्या म्हणाल्या. "तवसर बसा नको. कोंबड्यांका पाणी घाल."