कातडी साफ झाल्यावर

वर्ध्याच्या रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा त्वचारोग विभागात बसून संशोधन करायचं म्हटलं की लोकांना नवल वाटायचं. "मलम तर लिहून द्यायचं, त्यात शोधायचं काय?" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारलंही होतं. पण माझे सोरायसिसचे काही रुग्ण ऐन पन्नाशीत हृदयविकाराने जात होते. अंगावर लाल चट्टे उठवणारी सूज आत रक्तवाहिन्यांपर्यंतही पोचते का, हे आपल्या भागातल्या रुग्णांत तपासायचं मी ठरवलं.

त्या अभ्यासात अगदी सुरुवातीला आले ते देवळीकडचे एक प्राथमिक शिक्षक; विभागात सगळे त्यांना सर म्हणत. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खुर्चीत बसताना खाली पापुद्रे पडतील म्हणून आधी रुमाल अंथरायचे.

"मॅडम, हे एकाचं दुसऱ्याले लागत नाई हे मले मालूम आहे," ते म्हणाले, "पण पोरायच्या मायबापाले कोन समजावनार?"

पालकांच्या तक्रारीवरून त्यांचा वर्ग काढून घेतला होता. शाळेत ते आता फक्त कागदपत्रं सांभाळत.

औषधं सुरू केली. दर काही महिन्यांनी ते रक्त द्यायला, मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून घ्यायला येत. बाकावर नवा रुग्ण मान खाली घालून बसलेला दिसला की हे त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, स्वतःचे हात दाखवायचे. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या बोलण्यामुळेच पुष्कळ जण अभ्यासात टिकले.

हळूहळू त्यांची कातडी साफ झाली. एकदा ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आले, आणि तिसरीचा वर्ग परत मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. सांगताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याच भेटीतल्या तपासण्या मात्र चांगल्या नव्हत्या. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. नागपूरला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, असं त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या.

"घरी बोलतो," सर म्हणाले. "पोरायची परीक्षा झाली का लगेच जातो."

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "हो मॅडम, चाललोच."

परीक्षा संपायच्या आधी, एका सकाळी शाळेत जायला निघताना ते अंगणात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं, समोर बसल्या.

"तुमच्या अभ्यासात काय निघून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

हा आजार कातडीपुरता राहत नाही, हृदयालाही त्रास देतो, असं दिसतंय, मी सांगितलं.

"मंग त्यायले हे मालूम होतं?"

"हो. नागपूरला जायला सांगितलं होतं."

"मले नाई सांगतलं त्यायनं." पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लग्नापासून ह्या घरात बिमारीचंच बोलनं होतं. कोन येईन, कोन हातचं खाईन, कोन नाई. यंदा पयल्यांदा बिमारीचं नाव निघत नोतं. म्हनून बोलले नसतीन."

निघताना त्या मला सडकेपर्यंत सोडायला आल्या.

संशोधनात अशा मृत्यूला 'घटना' म्हणतात. सरांची घटना मला माझ्याच हाताने संगणकात भरावी लागली. नावाच्या जागी क्रमांक, वय, कारण. त्यांच्या बाकीच्या रकान्यांत त्वचेत उत्तम सुधारणा अशी नोंद होती. पुढे त्या अभ्यासाचा शोधनिबंध छापून आला. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं, विभागात पेढे वाटले गेले. मी पेढा हातात घेऊन नुसती उभी होते.

आता हृदयाची तपासणी बिघडलेली दिसली की मी रुग्णाच्या संमतीने घरच्या कोणालातरी सोबत बोलावते. काही जण चिडतात. आर्वीच्या एक बाई मागच्या महिन्यात म्हणाल्या, "आत्ता कुठं आंग साफ झालं, मॅडम. थोडे दिवस राहू द्या ना घरच्यायले खुशीत."

शेवटी त्यांनी होकार दिला, तरी बाहेर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला आत बोलावण्याआधी माझा हात दाराच्या कडीवर थोडा वेळ तसाच थांबला होता.