वाटी का दिली नाही

हिंगोलीतल्या एका लहान खासगी दवाखान्यात मी कागदांचं काम करतो. हाडाचं ऑपरेशन झालं की सरकारी योजनेच्या यादीतला बरोबर कोड शोधायचा, एक्स-रे, फोटो, बसवलेल्या भागाच्या खोक्यावरचं स्टिकर असं सगळं जोडून वर पाठवायचं, आणि वरून शंका आली की उत्तर द्यायचं. माणसाला हात न लावता तुम्ही ऑपरेशन करता, असं माझी बायको म्हणते. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

ऑपरेशनआधी पेशंटला आणि घरच्यांना कागद मराठीत वाचून दाखवायचा, हेही काम माझंच. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात रिक्षातून उतरताना पडलेल्या एका आजींचा कागद मी असाच वाचला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोडला होता. तो काढून धातूचा बसवायचा होता. गोळा ज्या खोबणीत फिरतो ती कमरेची वाटी मात्र चांगली होती, ती तशीच ठेवायची होती. याला कागदावर 'अर्धा खुबा बदलणे' म्हणतात. ते शब्द मी मोठ्यानं, सावकाश वाचले. आपण फार प्रामाणिकपणे वागतोय असं मला वाटत होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. काढलेलं हाड आमच्याकडे घरच्यांना दाखवतात, नाहीतर ऑपरेशन झालंच नाही अशी शंका राहते. आजींच्या मुलानं गोळा पाहिला, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि वाटी कधी दाखवता म्हणून विचारलं. वाटी काढलीच नाही, असं मी सांगितलं. तो आईजवळ जाऊन बसला आणि तिच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी ताई वॉकर घेऊन आली. आजींनी पाय खाली सोडायला नकार दिला.

“आधी वाटी बसवा. अर्ध्या खुब्यावर मी उभी ऱ्हाणार न्हाई. कागदात लिवलंय अर्धा. ह्यानंच वाचलं.”

‘ह्यानंच’ म्हणजे मी. डॉक्टरांनी समजावलं. आजी प्रत्येक वाक्याला ‘व्हय’ म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. या वयात माणूस पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात आणि मग ते उठतच नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं. सूर असा होता, की हाड मीच मोडलं. त्यात सांगायची लाज वाटते अशी एक गोष्ट होती. सुट्टी देताना पेशंट उभा असलेला फोटो फाइलला लागतो. त्यामुळे मी पलंगाशी उभा राहून “आजी, उठा ना” म्हणायचो तेव्हा ते त्यांच्या पायासाठी म्हणतोय की माझ्या फाइलसाठी, हे माझं मलाच कळत नव्हतं.

त्याच दिवसांत वरच्या समितीची शंका आली. अर्धाच खुबा का बदलला, पूर्ण का नाही, याचं कारण द्यावं. क्षणभर मला वाटलं, आजींनीच वर कळवलं. मी एक्स-रे जोडून उत्तर दिलं आणि समितीचं समाधान झालं. ज्यांचा खुबा होता त्यांचं झालं नाही.

शेजारच्या पलंगावर औंढ्याकडच्या तांड्यावरची एक बाई होती. तिचा सांधाच झिजला होता, म्हणून तिचा खुबा पूर्ण बदलला होता. तिच्याबद्दल समितीनं विचारलं होतं, की पूर्णच का, अर्ध्यावर का भागलं नाही. बाई मात्र खुशीत होती. मला गोळा बी दिला न वाटी बी दिली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एकदा आजींना म्हणाली, “तुमच्या वळखीचं वर कोणी नसंल.”

आजींनी त्या दिवशी भाताला हात लावला नाही. मग मीच स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, “आजी, वाटी फुटकी असली तरच नवी देतात. तुमची साबूत निघाली. या वयात अशी वाटी डॉक्टरांनी पाहिली नव्हती.”

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ‘फुटकी’ हा शब्दही माझाच.

“खरं सांगून राहिला का?”

“व्हय, आजी.”

“मंग तिची फुटकी व्हती म्हन.”

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी वॉकर पुढे सरकवला.

आजींनी पाय खाली सोडले. ताई धावली. ओठ दाबून, एकेक पाऊल टाकत आजी निघाल्या. दाराकडे नाही, शेजारच्या पलंगाकडे. तिथे थांबून, धाप टाकत म्हणाल्या, “माझी साबूत निघाली, बाई. म्हणून दिली न्हाई.”

मी फोटो काढला. त्यात एक बाई उभी आणि दुसरी पडल्या पडल्या तिच्याकडे रागानं बघतेय. समितीनं विचारलं, यातला रुग्ण कोण. उभी असलेली, असं मी लिहिलं.

सुट्टी मिळाली तेव्हा आजी चालत गाडीपर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी तांड्यावरची बाई उठेना. फुटकी वाटी घेऊन आलेली म्हणून सगळे हसतात, आता कुठं तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी मला इतकंच सांगितलं, की इथून पुढे कागद वाचत जा, बोलत जाऊ नका.

मी बाईपुढे हात जोडले. वाटी फुटकी नव्हती, झिजली होती, आणि आजींचं कौतुक मी मनानं रचलं, हे सगळं कबूल केलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग त्या म्हातारीला फोन लावा. तिला बी सांगा. मला ऐकू आलं पायजे.”

खरं सांगावं तर आजी पुन्हा अंथरूण धरणार, न सांगावं तर ही उठणार नाही. खरं एकच होतं आणि खुबे दोन. मी नंबर लावला, आवाज मोठा केला. आजींच्या मुलानं फोन उचलला. आई पडून आहेत का, असं मी विचारलं.

“कुठली पडून ऱ्हाती, सायेब. सकाळपासून वॉकर घेऊन गल्लीत फिरून राहिली. असली वाटी डॉक्टरनं आजवर पाह्यली न्हाई म्हणून घरोघर सांगून राहिली.”

आता बाई मला बोलायला लावणार म्हणून मी शब्द जुळवू लागलो.

“गल्ली केवढी हाय तिची?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. तिनं पाय खाली सोडले आणि वॉकर जवळ ओढला.

“फाटकापर्यंत जाऊन येते. ठिवा तो फोन.”

“हॅलो,” तिकडून मुलगा म्हणत होता, “काय काम व्हतं, सायेब?”

“काही नाही,” मी म्हणालो, “सहज केला.”